पाठ फिरवून ऐकणारा माणूस

मागच्या अंगणातल्या मेपलने यंदा आठवडाभर आधीच पानं टाकायला सुरुवात केली. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राहिलो की एखादं पान सुटतं, दोन गिरक्या घेतं आणि डेकच्या पायरीवर येऊन पडतं. ओलसर, लाल, देठ वर करून. मग जरा वेळाने दुसरं. ॲन आर्बरला येऊन मला अर्धं शतक होत आलं. एव्हाना या पानगळीची सवय व्हायला हवी होती, पण ऑक्टोबर लागला की अजूनही मला पानांच्या आधी एका खुर्चीचा आवाज ऐकू येतो. तळघराच्या सिमेंटवरून फोल्डिंगची लोखंडी खुर्ची कोणीतरी ओढत नेतो, ती उलटी फिरवतो आणि आमच्याकडे पाठ करून बसतो. समोर वॉशिंग मशीन आणि वाळत घातलेले माझे दोन शर्ट.

त्या माणसाबद्दल मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही. यंदाही लिहिली नसती, पण पानं पडायला लागली त्याच आठवड्यात केतकीचा फोन आला.

केतकी आमच्या मंडळाची यंदाची सेक्रेटरी. मूळची नागपूरची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. बोलायला लागली की मध्ये शिरायला जागा नसते.

"श्रीकाका, नाही म्हणायचं नाही हं. दिवाळीच्या प्रोग्रॅमला तुमचा सत्कार आहे, कमिटीने फायनल केलंय. आणि स्मरणिकेसाठी तुमचा लेख हवाय. दिग्दर्शकाचं मनोगत. मुकी तालीम तुम्हाला कशी सुचली, ते लिहा ना."

"अगं, त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

"काय आहे म्हणजे? यार काका, आमची अख्खी टीम तुमच्या मेथडने प्रॅक्टिस करते. कालच केली. पंचेचाळीस मिनिटं कोणी एक शब्द बोललं नाही. माझा नवरा म्हणतो, लग्नानंतर पहिल्यांदाच!"

मी हसलो, हो म्हणालो आणि फोन ठेवला. स्वयंपाकघरातून नलिनीने, माझ्या बायकोने, डोकं बाहेर काढलं. "लिहा आता," ती म्हणाली. "मनोगत."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या मंडळात नाटक उभं राहिलं की त्याची एक तालीम शब्दांशिवाय होते. सगळं नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं, उठायचं, बसायचं, भांडायचं, रडायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी उलट: सगळे शब्द बोलायचे, पण एका माणसाने रंगमंचाकडे पाठ करून बसायचं आणि नुसतं ऐकायचं. पुण्यामुंबईहून नव्याने आलेली मुलं पहिल्या वर्षी हसतात, दुसऱ्या वर्षी तीच इतरांना शिकवतात. या सगळ्याला 'श्रीकाकांची मुकी तालीम' म्हणतात.

ती तालीम माझी नाही. ती एल्डन रस्कची आहे.

हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. त्याचा चेहरा मात्र या देशात टीव्ही पाहणाऱ्या बहुतेकांनी पाहिला असेल, आणि विसरलाही असेल. तेच त्याचं काम होतं. नायक कोर्टात शपथ घेतो तेव्हा वर बसलेला कंटाळलेला न्यायाधीश. आगगाडीतला तिकीट तपासनीस. बँक लुटणाऱ्याचा मोठा भाऊ, जो दाराची साखळी न काढता बोलतो. जनावरांचा डॉक्टर, गव्हर्नर, पाद्री, जुन्या गाड्या विकणारा आणि दुसऱ्याच प्रसंगात मरून पडलेला माणूस. दोन मिनिटं, चार मिनिटं. शूटिंगसाठी तो आठवडाभर कुठेतरी जायचा आणि परत येऊन गावातल्या एका छोट्या थिएटरात नाटकं बसवायचा. पूर्वी तिथे खिळे-हातोड्यांचं दुकान होतं. खुर्च्या शंभरसुद्धा नसतील. मी तिथे त्याने बसवलेली नाटकं पाहिली आहेत. एकात सगळं हसणं पहिल्या अंकात होतं आणि दुसऱ्या अंकात त्याच वाक्यांना कोणी हसू शकत नव्हतं. कसं केलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

तो आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर राहायचा. मला ते ठाऊक होण्याआधी नलिनीला झालं. एका शनिवारी दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या ती ओरडली, "अहो, हा आपला कोपऱ्यावरचा ना?"

टीव्हीवर एक म्हातारा इस्पितळात शेवटचा श्वास घेत होता. मुलीचा हात शोधत होता आणि चुकून पांघरुणाची कड धरत होता.

"छे! तो पन्नाशीचासुद्धा नसेल. हा ऐंशीचा आहे."

"कान बघा. कान तेच आहेत."

नलिनी त्या दिवशी डोळे पुसत जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरचा माणूस कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर आला, ताठ, शीळ घालत. ती घरात गेली, शिरा केला आणि काचेच्या डब्यात भरून त्याला देऊन आली. "जिवंत बघून बरं वाटलं," असं तिने त्याला सांगितलं म्हणे. तो म्हणाला, आजवर त्याच्या कामाची इतकी चांगली पावती कोणी दिली नव्हती.

माझी आणि त्याची गाठ मात्र पानांमुळे पडली. मी पुढच्या अंगणात रेकने, लांब दांड्याच्या दाताळ्याने, पानं ओढत होतो. हा रस्त्यापलीकडे उभा राहून बराच वेळ पाहत होता. मग येऊन म्हणाला, "एक विचारू? हे घर तुझंच आहे ना?"

"हो. का?"

"पाठीकडून वाटतं, तू दुसऱ्याच्या अंगणात काम करतोयस."

त्याने माझ्या हातातला रेक घेतला आणि चार वेळा ओढला. खांदे जरा आत, पावलं जवळजवळ, दर खेपेला रस्त्याकडे एक ओझरती नजर, कोणी काही म्हणत तर नाही ना अशी. मी तिथे उभा राहून स्वतःला पाहिलं. हप्ते भरून विकत घेतलेल्या घराच्या अंगणात मी नोकरासारखा वावरत होतो, हे मला अडतिसाव्या वर्षी एका गोऱ्या माणसाच्या खांद्यांवरून कळलं. राग यायला हवा होता. पण मी नुसता बघत राहिलो. एवढं दुसऱ्याच्या आत शिरायला या माणसाला अर्धा तास पुरला होता!

त्याच सुमाराला आमच्या तळघरात एका एकांकिकेच्या तालमी चालू होत्या. शिकागोला मराठी मंडळांची स्पर्धा होती आणि मी मोठ्या उत्साहाने एकांकिका लिहिली होती. बाप पहिल्यांदाच मुलाच्या अमेरिकेतल्या घरी येतो, एवढीच गोष्ट. बाप झाला होता मधू, सांगलीचा, मोटारींच्या कारखान्यातला इंजिनिअर. आई झाल्या होत्या सुधाताई, पुण्याच्या, लहान मुलांच्या डॉक्टर, वयाने आणि जिभेने आमच्यात मोठ्या. मुलगा मीच. चौथं कोणी नव्हतं. दिग्दर्शकही नव्हता. जो जोरात बोलेल त्याचं ऐकायचं, असं चाललं होतं, म्हणजे सुधाताईंचं.

एल्डन शिऱ्याचा डबा परत द्यायला आला. डबा धुतलेला, आत मिशिगनची सफरचंदं. खालून आवाज ऐकून तो जिना उतरून आला, पायरीवर बसला आणि तास झाला तरी उठला नाही. पुढच्या शनिवारी दुपारी पुन्हा हजर.

"ह्याला काय कळणार आहे?" सुधाताई म्हणाल्या. "मराठीतलं अक्षर येत नाही."

"परीक्षकांना तरी कुठे कळतं?" मधू म्हणाला. "बसू दे बिचाऱ्याला."

तेव्हा त्याने ती खुर्ची ओढली, वॉशिंग मशीनकडे तोंड केलं आणि म्हणाला, "सुरू करा. मी बघत नाहीये."

मधूचं पहिलंच वाक्य होतं, "घर छान आहे रे तुझं." एल्डनच्या गुडघ्यावरच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वर झालं. मधूने वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. बोट पुन्हा वर.

"काय म्हणतोय हा?" सुधाताईंनी विचारलं.

एल्डन वळला नाही. "या माणसाला हे आवडलेलं नाही," तो म्हणाला. "जे काही असेल ते."

"अर्थात नाही आवडलेलं!" मधू म्हणाला. "बाप आहे मी."

"मग मला ते कळू देऊ नकोस. आत्ता तू लपवत नाहीयेस. लपवतोय असं आम्हाला सांगतोयस."

मधूने पाच-सहा वेळा ते वाक्य म्हटलं. सातव्या खेपेला अगदी साधं म्हटलं, घसा खाकरून, भिंतीकडे बघत. बोट गुडघ्यावरच राहिलं. आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी कुठेतरी ऐकला होता. खोटं बोलणारा बाप खरा वाटला की ते बोट खाली राहायचं. खरं बोलणारा नट खोटा वाटला की वर जायचं. भाषेची त्याला गरजच नव्हती.

सुधाताईंचा विश्वास एवढ्याने बसणारा नव्हता. पुढच्या शनिवारी त्यांनी त्याची परीक्षा घेतली. आई मुलाला रात्रभर जागून काढलेल्या आजारपणाची आठवण करून देते, असा एक प्रसंग होता. सुधाताईंनी डोळ्यांत पाणी आणून, पदर मुठीत धरून, कापऱ्या आवाजात सुरुवात केली: "दोन वाट्या रवा मंद आचेवर भाजून घ्यावा. बदामी रंग आला की तूप सोडावं..." मधू तोंडात रुमाल कोंबून जिन्यात गेला. एल्डनचं बोट 'दोन वाट्या'लाच वर गेलं होतं.

"आज तू काहीतरी वेगळंच बोललीस," तो म्हणाला. "फार सुंदर बोललीस. पण तुला त्याचं काही पडलेलं नाही."

सुधाताईंनी हात जोडले. "चुकले," त्या म्हणाल्या. "आता सांगाल तसं."

मग त्याने आम्हाला शब्दांशिवाय नाटक करायला लावलं. पहिल्या खेपेला आम्ही आंधळ्यांसारखे एकमेकांवर आपटलो. शब्द काढून घेतल्यावर कळलं की बापाला मुलाच्या घरात बसायला जागाच नाही. मी लिहिलं होतं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. एल्डन बाजूला उभा राहून बघायचा आणि अधूनमधून एखादी छोटी गोष्ट विचारायचा. पेला कुठे ठेवणार? खिडकी कोणाची? एकदा मला म्हणाला, "तुझे वडील घरात शिरताना पायातलं कसं काढायचे?"

माझे वडील अमेरिकेत कधी आले नाहीत. कऱ्हाडला शाळामास्तर होते. मी सांगत गेलो: डावा तळवा भिंतीला टेकवायचे, चपला पायानेच काढायचे, मग खाली वाकून हाताने जुळवून ठेवायचे. टोकं दाराकडे. कोणाच्याही घरी गेले तरी टोकं दाराकडे, म्हणजे निघताना यजमानाचा खोळंबा नको.

"वाकताना गुडघा धरायचे?"

"हो. उजवा."

एल्डन जिन्याच्या पायथ्याशी गेला. पाठमोरा झाला, पुन्हा वळला, डावा तळवा भिंतीला टेकवला. त्या माणसाने आयुष्यात चपला घातल्या नव्हत्या. त्याने पाय सोडवले, उजवा गुडघा धरून वाकला, नसलेल्या चपला जुळवल्या आणि टोकं दाराकडे फिरवली. सरळ होताना एकदा घरभर नजर टाकली, पाहुण्याची, काही हात लावून बिघडवू नये अशी. निळ्या डोळ्यांचा, सहा फुटी माणूस. आणि माझ्या तळघरात माझे वडील उभे होते.

वर नलिनी चहा गाळत होती, त्याचा आवाज तेवढा येत होता. मी वर जाऊन तोंड धुतलं.

हे आठवलं की मला अजूनही कळत नाही, ही कसली विद्या! एखाद्याजवळ ती असते आणि तो न्यायाधीश, तपासनीस, मरणारा म्हातारा होत फिरतो, कोणाला ओळखूही येत नाही.

आता कागदावर येतो. स्पर्धेच्या फॉर्मवर 'दिग्दर्शक' असा रकाना होता. नियम असा होता की भाग घेणारा प्रत्येक जण मंडळाचा सभासद हवा. एल्डन नव्हता. मी त्याला तसं सांगितलं, मधूला आणि सुधाताईंनाही सांगितलं. नाइलाज होता. रकान्यात मी माझं नाव लिहिलं.

एल्डन म्हणाला, "हरकत नाही. माझं नाव नसलेल्या पुष्कळ याद्या आहेत."

सुधाताई मात्र अडून बसल्या. "नियम तर नियम. पण माणूस सहा आठवडे येतोय, कार्यक्रमपत्रिकेत कुठेतरी त्याचं नाव आलंच पाहिजे." पत्रिकेत एकच ओळ रिकामी होती. तिथे मी लिहिलं, 'चहापाणी : एल्डन'. आडनावाला जागा पुरली नाही.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही व्हॅनने शिकागोला पोचलो. डेव्हन ॲव्हेन्यूवर, देशी दुकानांच्या रस्त्यावर, जेवायचं ठरलं होतं, पण गाडी लावायला जागा सापडेपर्यंत मधूने तीन वेळा देवाचं नाव घेतलं. आम्ही जेवत होतो तेव्हा एल्डन समोरच्या मिठाईच्या दुकानात उभा होता. खोक्याला दोरा बांधणाऱ्या माणसाचे हात पाहत. व्हॅनमध्ये बसल्यावर त्याने माझ्या चष्म्याच्या घरावर तसाच दोरा गुंडाळला, तशीच गाठ मारली आणि शेवटी दोरा तोडताना तशीच मान वाकडी करून पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. सुधाताईंनी त्याच्याकडे अर्धा किलो पेढे मागितले.

प्रयोगाबद्दल एवढंच सांगतो. मधूने दारात चपला काढल्या, गुडघा धरून वाकला आणि टोकं दाराकडे फिरवली, तेव्हा सभागृहात तीनशे माणसं होती आणि कोणी खोकलंही नाही. प्रत्येकाला आपला कोणीतरी आठवला असणार. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. दिग्दर्शनाचंही मिळालं. परीक्षक माइकवर म्हणाले, "त्या चपला दिसण्यासाठी दिग्दर्शकाला नजर लागते." मी पायऱ्या चढून वर गेलो आणि नमस्कार केला. शेवटच्या रांगेत एल्डन उभा राहून टाळ्या वाजवत होता.

लॉबीमध्ये त्याने पत्रिका माझ्यापुढे धरली. "माझं नाव कुठे आहे?"

मी बोट ठेवलं.

"हे एल्डन?"

"हो."

"आणि त्याच्या आधीचा शब्द?"

माझ्या हातात बक्षिसाची ढाल होती. मी म्हणालो, "दिग्दर्शन."

त्याने पत्रिकेकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, एक क्षण. मग ती नीट चौघडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "थँक यू, श्री," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर हायवेच्या दोन्ही बाजूंना पिवळी झाडं होती आणि वाऱ्याने पानं काचेवर येत होती. सगळे गात होते. मी गात नव्हतो.

त्यानंतर मी आमच्या मंडळाचा दिग्दर्शक झालो. पंधरा-सोळा नाटकं बसवली असतील. दर वेळी पाठ फिरवून बसलो, दर वेळी मुकी तालीम घेतली. माझं बोट पुष्कळदा चुकलं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर लोक मला मानायला लागले होते. एल्डनला मी पुन्हा तळघरात बोलावलं नाही. तो दोनदा तिकीट काढून आमचं नाटक पाहायला आला, मागे बसला आणि भेटून चांगलं बोलून गेला. एका हिवाळ्यात तो आजारी होता म्हणून नलिनीने माझ्या हाती खिचडी पाठवली. त्याच्या घरात शिरलो तर लांबलचक भिंत, तिच्यावर त्याच्या सगळ्या कारकिर्दीचे फोटो, शूटिंगचे कागद, नाटकांची पोस्टरं. आणि मधोमध, काचेच्या फ्रेममध्ये, आमची पत्रिका. घड्या दिसत होत्या. मी खिचडी टेबलावर ठेवली आणि घाई असल्याचं सांगून निघालो. त्यानंतर काही द्यायचं असलं की नलिनी जायची.

नलिनीला चहापाण्याची ओळ पहिल्या दिवसापासून माहीत आहे. वाद झाला की ती एकच वाक्य काढते. "सहा आठवडे चहा मी केला. तोसुद्धा तुम्ही दुसऱ्याच्या नावावर चढवलात."

केतकीच्या फोननंतर मी सुधाताईंना फोन केला. मधू आता नाही. सुधाताई वेस्ट विंडसरला मुलीजवळ असतात. मी म्हटलं, एल्डनबद्दल लिहावं म्हणतोय.

"लिही," त्या म्हणाल्या. "फार पूर्वीच लिहायला हवं होतंस. मला ते कायम टोचलंय रे. पण नियमच होता ना तसा? तू सांगितलंस म्हणून आम्ही गप्प बसलो."

"हो," मी म्हणालो. "नियम होता."

गेल्या मंगळवारी दुपारी मी एल्डनला भेटायला गेलो. तो गावाबाहेर वृद्धांच्या निवासात राहतो. एक्क्याण्णव वर्षांचा आहे. डोळे जवळजवळ गेले आहेत, कान मात्र यंत्राच्या मदतीने काम देतात. खोली छोटी आहे. एवढ्या मोठ्या भिंतीवरच्या फक्त तीन फ्रेमा तिथे मावल्या. एकीत त्याच्या थिएटराचं दार, एकीत त्याची आई. तिसरी आमची पत्रिका.

मी मोज्यांवर त्याच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं. म्हटलं, त्या पत्रिकेत तुझ्या नावाआधी 'दिग्दर्शन' नाहीये. मी तुला खोटं सांगितलं होतं.

"माहीत आहे," एल्डन म्हणाला.

"कोणी सांगितलं? नलिनीने?"

"तूच. त्या लॉबीत. श्री, मी सहा आठवडे तुझा आवाज ऐकत होतो. तुला काय वाटलं, तो मला फक्त तुमच्या भाषेत कळायचा?"

चाळीस वर्षं ज्याला मी फसवत होतो, त्याच माणसाची विद्या मी लोकांना शिकवत होतो, आणि ती माझ्यावर चालली असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"मग लावलीस कशाला भिंतीवर?"

"माझ्या भिंतीवरच्या निम्म्या कागदांवर माझं नावच नव्हतं," तो म्हणाला. "मी कुठे होतो ते आठवायला लावतो मी कागद. तुझ्या तळघरात मी फार सुखात होतो." मग म्हणाला, "पण तो शब्द काय आहे, ते मला कोणी कधी सांगितलं नाही."

"चहापाणी. म्हणजे चहा आणि खाणंपिणं पाहणारा."

तो इतका हसला की नर्स डोकावून गेली. "चहा? मी तर एकदाही केला नाही! तो तर तुझी बायको करायची!"

निघताना दारात पाहिलं. माझ्या बुटांची टोकं बाहेरच्या बाजूला होती. आल्या आल्या मी ते तसे ठेवले असणार.

शुक्रवारी मी हा लेख, इथपर्यंत लिहिलेला, घेऊन पुन्हा गेलो. म्हटलं, मराठीत आहे, पण वाचून दाखवतो. एल्डनने मला त्याची चाकाची खुर्ची खिडकीकडे फिरवायला लावली. बाहेर पार्किंग आणि एक म्हातारं मेपल. त्याने कानातलं यंत्र नीट केलं, उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, "सुरू कर. मी बघत नाहीये."

मी वाचत गेलो. शिरा, रेक, रव्याच्या दोन वाट्या. हात गुडघ्यावरच होता. चपलांचं वाचताना माझाच आवाज फुटला, तरी तो हलला नाही. मग 'आता कागदावर येतो' असं वाचलं आणि दोन ओळींत बोट वर झालं. मी थांबलो, पुन्हा पहिल्यापासून तो परिच्छेद वाचला. त्याच जागी बोट पुन्हा वर.

"काय आहे तिथे?" त्याने विचारलं.

"नियम," मी म्हणालो. मी कागद घडी करून घरी आलो.

तो परिच्छेद वर तसाच ठेवला आहे, वाचकांनी पाहावा म्हणून. खरं असं आहे. सभासद असण्याची अट फक्त रंगमंचावर दिसणाऱ्यांना होती. दिग्दर्शकाला कसलीही अट नव्हती. फॉर्मच्या मागच्या पानावर ते स्पष्ट छापलेलं होतं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी ते दोनदा वाचलं होतं. आणि अट असती तरी काय होतं? त्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी मीच होतो. सभासदत्वाचे कोरे अर्ज माझ्याच खणात होते. मला त्या रकान्यात माझं नाव हवं होतं, एवढंच. सुधाताई, तुम्हाला गेल्या आठवड्यातसुद्धा मी खोटंच सांगितलं.

केतकी, सत्कार करायचा की नाही ते हे वाचून कमिटीने ठरवावं. तालमीचं नाव मात्र बदला. त्यासाठी मीटिंग नको.

आज सकाळी पाऊस थांबल्यावर पुन्हा त्याच्याकडे गेलो. खुर्ची खिडकीकडे फिरवली. मेपलवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पानं राहिली होती. दुरुस्त केलेलं सगळं वाचलं आणि शेवटी, जे चाळीस वर्षांपूर्वी पत्रिकेत छापायला हवं होतं, ते वाचलं:

दिग्दर्शन : एल्डन रस्क. मुलाच्या भूमिकेत : श्रीकांत. चहापाणी : नलिनी.

मी हाताकडे पाहत राहिलो. सुरकुतलेला, डागाळलेला हात, त्याने किती माणसं उभी केली असतील. बोट हललं नाही. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीच्या काचेवरची पानं हाताने बाजूला करत होतं.

"पुढे?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"संपलं."

"मग चहा आहे का?"

होता. निघताना नलिनीने थर्मास हातात दिला होता आणि म्हणाली होती, "त्याला सांगा, हा माझ्या नावावर." मी झाकण उघडलं आणि ओतला.